विमानतळ नसलेल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना

मा. जिल्हाधिकारी, वाशिम,
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, यांस

नोव्हेंबर 2025



वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळची धावपट्टी अकोल्याची शिवणी, आणि 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी सेवा सुरू झालेली अमरावतीची बेलोरा. त्यामुळे आपत्तीचा विषय निघाला की आपल्याकडे पैनगंगेचा पूर, वीज, गारपीट, उष्माघात आणि अलीकडे समृद्धी महामार्ग ही नावे येतात. विमान कोणाच्या ध्यानीमनी नसते. ते ध्यानात घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र. 12 जून 2025 रोजी अहमदाबादच्या विमान अपघातात 260 माणसे गेली आणि सारा देश हादरला. त्या भीतीच्या भरात मात्र मी हे लिहीत नाही. महाराष्ट्रात शहराबाहेर, डोंगरात, शेतात आणि नदीपात्रात पडलेल्या विमानांची कारणे एकामागोमाग वाचत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. चूक आकाशात झालेली असते, पण त्या चुकीचा जीवघेणा शेवट जमिनीवरच्या एखाद्या वस्तूपाशी होतो. कधी तो डोंगर असतो, कधी रस्ता, कधी तार. आकाश दिल्लीच्या अखत्यारीत असेल. जमिनीचा कारभार आपल्या कार्यालयातून चालतो.

डोंगरापासून सुरुवात करतो. 12 जुलै 1949 रोजी केएलएम कंपनीचे विमान मुंबईत उतरण्याच्या प्रयत्नात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. 45 जण गेले, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकन पत्रकार होते. 7 जुलै 1962 च्या रात्री अलितालियाचे डीसी-8 जुन्नर तालुक्यात निमगिरीजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि 94 जणांपैकी एकही वाचला नाही. बँकॉकहून मुंबईकडे येणाऱ्या त्या विमानाच्या वैमानिकांना मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे वाटले. म्हणून त्यांनी वेळेआधीच उंची कमी करायला घेतली, आणि मधे सह्याद्री उभा होता. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एचएस-748 पनवेलजवळच्या किरवलीच्या डोंगरात कोसळले. पुन्हा 45 बळी. तीन कंपन्या, तीन प्रकारची विमाने, तीस वर्षांचे अंतर. तरी महिने जुलै-ऑगस्टचेच, दिशा मुंबईचीच, आणि ढगांनी झाकलेला डोंगर. 1962 च्या चौकशीने दोष विमानचालनातल्या चुकीला दिला, ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीखाली जाण्याला दिला, आणि त्यासोबत वैमानिकांना त्या भूभागाची ओळख नव्हती, हेही नोंदवले. त्यांतली शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या दोन गोष्टींवर वैमानिकाच्या प्रशिक्षणाने उपाय होतो. भूभागाची ओळख करून द्यायची तर ज्याला तो भूभाग माहीत आहे त्याने ती माहिती द्यावी लागते.

‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अहवालात आले की फाइल बंद झाल्यासारखी वाटते. औरंगाबादच्या अपघाताने तसे होऊ दिले नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. 26 एप्रिल 1993, भर दुपार. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737, उड्डाण क्रमांक 491, मुंबईला जाण्यासाठी चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून धावू लागले. विमानात 118 जण होते. तापलेली हवा विरळ असते. तिच्यात पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो आणि विमानाला जास्त धावावे लागते. धावपट्टी संपत आली, विमान उशिरा उचलले गेले, आणि धावपट्टीपलीकडच्या आडव्या बीड रस्त्यावरून त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला लागला, रस्त्यापासून अवघ्या सात फुटांवर. तशा जखमी अवस्थेत विमान पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकले आणि कोसळले. 55 जण गेले. न्यायालयीन चौकशीने दोन कारणे शेजारी शेजारी ठेवली: वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले हे एक, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही हे दुसरे. वैमानिकाची चूक कोणी नाकारली नाही. पण रस्ता मोकळा असता तर ती चूक सात फुटांनी निभावून गेली असती. म्हणून ‘शेवटी चूक वैमानिकाचीच असते’ हा आक्षेप मला मान्य असूनही पुरेसा वाटत नाही. माणूस चुकणार, हे धरूनच बाकीची व्यवस्था लावायची असते. चूक झाली तरी निभावून जाईल एवढी जागा खालच्या जमिनीवर आहे का, याचे उत्तर वैमानिकाला देता येत नाही.

आता तारा, कारण वाशिमला खरा संबंध त्यांच्याशी आहे. 25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकून वस्तीत पडले. सगळे बचावले, हे दैव. कडक उन्हाचा दिवस, धुळीचे मैदान, तात्पुरते हेलिपॅड आणि शेजारून गेलेल्या तारा. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मे महिन्यात हेच चित्र असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोंदियाच्या बिरसी येथील प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या रोपवेच्या तारेला धडकून नदीत पडले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघेही गेले. वरून खांब दिसतो, मनोरा दिसतो, तार दिसत नाही. उच्चदाबाच्या वाहिनीवर सगळ्यांत वर विजेपासून संरक्षणासाठी ताणलेली एक बारीक तार असते. खालच्या जाड तारा पाहून त्यांच्यावरून जाऊ पाहणारा वैमानिक नेमका तिच्यात सापडतो. मागे आभाळ असेल तर ती थोडीफार दिसते. मागे नांगरलेली काळी जमीन असेल तर दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

सगळेच अपघात जमिनीवर आणून ठेवता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबईत पडलेल्या कॅराव्हेल विमानात 95 जण गेले ते इंजिनाच्या चकतीत धातू थकून पडलेल्या तड्यामुळे. तिथे कोणताही जिल्हा काही करू शकला नसता. माझे म्हणणे त्या दुसऱ्या गटापुरते आहे, ज्यात खालची वस्तू निर्णायक ठरली. आणि ग्रामीण भागातल्या अपघातांत हा गट लहान नाही.

वाशिमलाच हे पत्र का, तर अमरावतीमुळे. बेलोरा येथे एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. 34 प्रशिक्षण विमाने आणि वर्षाला 180 वैमानिक, असे तिचे जाहीर झालेले उद्दिष्ट आहे. विदर्भातल्या मुलामुलींसाठी ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला साधारण 200 तासांचे उड्डाण लागते, आणि त्यात किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा एक प्रवास असतो. कारंजा बेलोऱ्याहून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. मंगरूळपीर, मानोरा आणि वाशिम त्यापुढे. शिकाऊ विमाने कोणत्या भागात फिरणार हे संबंधित यंत्रणा ठरवतील, पण एवढ्या संख्येने उड्डाणे होणार असतील तर आपल्या जिल्ह्यावरचे आकाश रिकामे राहील असे गृहीत धरता येत नाही. इथे उंचीचा एक साधा हिशेब आहे. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, वाशिम साडेपाचशेच्या. विमानाचा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, खालच्या जमिनीपासूनची नाही. काट्यावर 3000 फूट दिसत असतील तर अमरावतीवर खाली जवळपास 1900 फूट मोकळे असतात. वाशिमपर्यंत येता येता ते 1200 वर येतात, आणि टेकडीवर मोबाइलचा टॉवर असेल तर आणखी कमी. काटा हललेला नसतो. जमीन वर आलेली असते. ढगाळ श्रावणात एकट्याने उडणाऱ्या विशीतल्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी आधी दाखवून दिलेले असावे लागते.

वैमानिकाला इतक्या खाली उडण्याची मुभाच नसते, मग तारांचा प्रश्न येतो कुठे, असे कोणी म्हणेल. नियम आहे, आणि तो इंजिन चालू असेपर्यंत पाळता येतो. एका इंजिनाच्या विमानाचे इंजिन बंद पडले की वैमानिकाला काही मिनिटांत शेत निवडून उतरावे लागते, आणि त्याचा सराव त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. जुलै 2022 मध्ये बारामतीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. एकटी उडणारी शिकाऊ वैमानिक जखमी झाली, पण वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. अशा वेळी वरून काय दिसते याचा विचार करावा. सोयाबीन निघून गेलेले, सपाट, लांबच लांब रान दिसते. शेलूबाजारच्या पट्ट्यात काय किंवा रिसोडकडे काय, याहून चांगली जागा मिळणार नाही असे वाटावे असे. पण त्याच रानातून 11 केव्हीची लाइन सिमेंटच्या खांबांवरून बांधावरच्या डीपीकडे गेलेली असते आणि डीपीवरून विहिरीच्या मोटारीकडे आणखी दोन-तीन तारा. खांब मातीच्याच रंगाचे, तारा झोळ पडलेल्या, आणि काही ठिकाणी बांधावरच्या बाभळीने अर्ध्या झाकलेल्या. त्या शेताच्या धन्याला डोळे मिटूनही सांगता येईल कुठली तार कुठून जाते. वैमानिकाच्या नकाशावर त्यातले काहीही नसते.

विमान वाहतूक हा केंद्राचा विषय, जिल्ह्याने त्यात का पडावे, असे आपल्या कार्यालयातूनच विचारले जाऊ शकते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि 2012 पासून काम करणारा विमान अपघात तपास विभाग, दोन्ही केंद्राचे, हे खरे. विमानतळाभोवती साधारण 20 किलोमीटरच्या परिघात बांधकामाच्या उंचीवर केंद्राचे नियमही आहेत. पण त्या परिघाबाहेर, फार उंच बांधकाम सोडले तर, तीस-चाळीस मीटरचा टॉवर किंवा नदीवरून गेलेली तार हवाई नकाशापर्यंत पोहोचेलच असे नाही. ती माहिती असते महावितरण आणि महापारेषणकडे, पाटबंधारे खात्याकडे, ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि तलाठ्याच्या डोक्यात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवू शकणारा अधिकारी जिल्ह्यात एकच आहे. शिवाय अपघात झाल्यावर केंद्राचे नियम तरी कोणाकडे बोट दाखवतात? विमान भारतात पडले तर त्याची खबर जिल्हा दंडाधिकारी आणि जवळच्या पोलीस ठाण्याला द्यायची, असे तेच नियम सांगतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद आपल्याकडे दिले आहे, आणि त्या कायद्यात आपत्ती आल्यावरच्या मदतीइतकेच ती टाळण्याचे काम सांगितले आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप प्राधान्याचा आहे, आणि त्याला झटकून उत्तर देणे बरे नाही. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला आग लागून 25 जण गेले. त्याच महामार्गाचा मोठा टप्पा मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. शेतकरी आत्महत्यांनी पोखरलेला हा पट्टा, आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला. तिथे विमानाच्या अपघाताची चिंता करणे म्हणजे घरात चूल पेटत नसताना गच्चीची चिंता करणे, असे कोणाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. मी मागतो आहे त्यातले काहीही रस्त्याच्या किंवा दवाखान्याच्या पैशातून करावे लागत नाही. तारांची, टॉवरची आणि उंच टेकड्यांची अक्षांश-रेखांशासह यादी करायची तर तलाठी आणि लाइनमन यांच्या मोबाइलवर ती होते. तीच यादी समृद्धीवरच्या जखमींना उचलायला हेलिकॉप्टर उतरवायचे ठरले तर लागेल, पुरात अडकलेल्या वाडीवर बचावपथकाचे हेलिकॉप्टर आले तर लागेल, आणि आता सोयाबीनवर औषध फवारणाऱ्या ड्रोनलाही लागेल. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान पोहरादेवीला आले. अशा दौऱ्याआधी हेलिपॅडच्या आजूबाजूच्या तारा, झाडे, धूळ आणि माणसांची वाट, सगळे बारकाईने पाहिले जाते. ते कौशल्य आपल्या यंत्रणेकडे आहे. दौरा संपला की ते कागद बांधून ठेवण्याऐवजी प्रत्येक तालुक्यात दोन कायमच्या सुरक्षित उतरण्याच्या जागा नोंदवून ठेवता येतील.

यादी झाली की ती बेलोऱ्याच्या प्रशिक्षण संस्थेला, अमरावती आणि अकोल्याच्या विमानतळांना आणि महासंचालनालयाला पाठवावी, आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर ती ताजी करावी, कारण तारा आणि टॉवर दर वर्षी वाढतात. नदीनाल्यांवरून गेलेल्या लांब तारांवर रंगीत गोळे लावण्यास संबंधित खात्यांना सांगावे; गोंदियाचा धडा तेवढ्या खर्चात घेता येतो. आणि विमाने कोणत्या भागात, किती उंचीवर, कोणत्या वेळी उडणार आहेत हे त्या संस्थेकडून लेखी मागून ग्रामपंचायतींना कळवावे. माहितीचा रस्ता एकेरी असू नये.

राहिला अपघातानंतरचा पहिला तास. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या जंगलात पडले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक गंभीर जखमी होती. रस्ता नव्हता, रुग्णवाहिका वर येऊ शकत नव्हती. आदिवासी गावकरी धावले, साडीची झोळी केली आणि तिला डोंगरातून चालत खाली आणले. चैत्राच्या पाडव्याला, 2 एप्रिल 2022 च्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचे मोठे कडे पडले, चिनी रॉकेटच्या अवशेषांपैकी. तिथेही आधी पोहोचले ते गावकरी, मग तहसील आणि पोलीस. ग्रामीण भागात हा क्रम बदलणार नाही, मग त्या पहिल्या माणसांना काय करायचे ते सांगून ठेवायला काय हरकत आहे? पोलीस पाटील, कोतवाल, सरपंच आणि आशा कार्यकर्त्या यांच्या एखाद्या नेहमीच्या प्रशिक्षणात अर्धा तास पुरेल. इंधनाचा वास येत असेल तर विडी-काडी दूर ठेवा, तुटलेली तार अंगावर असेल तर आधी महावितरणला फोन करून लाइन बंद करा, जखमीची मान सरळ धरून उचला. आणि माणसे बाहेर काढल्यावर बाकी कशालाही हात लावू नका. अवशेषांची जागा, कुठला तुकडा किती अंतरावर पडला, काटे कुठे थांबले, यावरूनच तपास करणारे कारण शोधतात. आठवण म्हणून उचलून नेलेला एक तुकडा किंवा गर्दीने तुडवलेली ओली माती पुढच्या वैमानिकाच्या जिवावर बेतू शकते. कायद्यानेही अवशेष हलवायला मनाई आहे; फक्त ती मनाई गावापर्यंत मराठीत पोहोचलेली नाही.

तपासाचे अहवालही गावापर्यंत पोहोचत नाहीत. ते इंग्रजीत निघतात आणि दिल्लीत राहतात. ज्यांच्या शेतात विमान पडले, ज्यांनी झोळी केली, त्यांना ते का पडले हे कधी कळत नाही, आणि मग वर्षानुवर्षे अफवा आणि नशीब यांच्यावर काम भागते. आपल्या जिल्ह्यात असे कधी घडू नये, पण घडलेच तर अंतिम अहवालाचा मराठी सारांश त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जाईल, असा ठराव प्राधिकरण आजच करू शकते. शेजारच्या जिल्ह्यांतल्या अपघातांचे प्रसिद्ध झालेले अहवाल मागवून त्यांतली जमिनीवरची कारणे तेवढी वेगळी काढून पाहिली, तर वाशिमच्या यादीत काय हवे ते आपोआप ठरेल.

येत्या उन्हाळ्याआधी, तापलेली हवा आणि मोकळी राने सुरू होण्यापूर्वी, प्राधिकरणाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, महावितरण, महापारेषण, पाटबंधारे आणि पोलीस खात्यांच्या प्रतिनिधींसोबत बेलोऱ्याच्या प्रशिक्षण संस्थेलाही त्या बैठकीला बोलवावे, आणि झालेला निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
वाशिम जिल्ह्यातील एक नागरिक